फुकटची कारकुनी म्हणणाऱ्या काकांना

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्याकडे एका काकांचं पत्र छापून आलं होतं, की हल्लीची पोरं युनोचे व्हॉलंटियर म्हणून दिल्लीला जातात आणि तिथं करतात काय तर फायली लावतात, विमानाची तिकिटं काढतात, मीटिंगच्या पाट्या मांडतात, मग एवढं शिकून फुकटची कारकुनीच करायची होती तर आपली ग्रामपंचायत काय वाईट होती. पत्र वाचून आमच्या घरात सगळे माझ्याकडे बघून हसले. कारण मी मिरजेची, साधी बी.कॉम., आणि युनोच्या एका आरोग्य संस्थेच्या दिल्लीतल्या ऑफिसात अॅडमिनच्या टेबलावर व्हॉलंटियर म्हणून काम करून आलेय. संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण पुढं थोडी तक्रार पण करणारे. पत्र लांबलं तर खुशाल कात्री लावा, फक्त नारूचा आणि आशाताईंचा भाग कापू नका.

आधी त्या 'फुकट'चं बघू. युनोचा स्वतःचा स्वयंसेवकांचा कार्यक्रम आहे, १९७० साली आमसभेनं सुरू केलेला, मुख्य ऑफिस जर्मनीत बॉनला. हा कार्यक्रम स्वतः दवाखाने चालवत नाही की लस टोचत नाही, तो माणसं पुरवतो, म्हणजे जागतिक आरोग्य संघटना असो, युनिसेफ असो, ज्यांना माणूस पाहिजे ते मागणी टाकतात आणि आपण अर्ज करायचा. १८ ते २६ वयाच्यांसाठी वेगळा गट आहे, २७ च्या पुढचे अनुभववाले वेगळे. आणि जे आपल्याच देशात ऑफिसात बसून काम करतात त्यांना दर महिन्याला राहण्याखाण्याचा भत्ता मिळतो, आरोग्य विमा आणि आयुर्विमा असतो, महिन्याला अडीच दिवस रजा असते, आणि हे सगळं करारात लिहिलेलं असतं. त्याला पगार म्हणत नाहीत, आणि दिल्लीचं भाडं दिल्यावर गावी पाठवायला काही मोठं उरत नाही हेही खरंय, पण फुकट नाही ओ काका. ज्यात खरंच एक रुपया मिळत नाही ते ऑनलाइनवालं, घरी बसून करायचं, त्यालाही मर्यादा आहे, आठवड्याला जास्तीत जास्त २० तास आणि तेही १२ आठवड्यांपर्यंतच. मिरजेतल्या कितीतरी खासगी ऑफिसांत 'शिकाऊ' म्हणून पोरी वर्षभर विनापगार बसतात त्यांच्याबद्दल अजून कुणी पत्र लिहिलेलं माझ्या तरी वाचनात नाही.

आता 'कारकुनी'. मिरजेच्या माणसाला आरोग्य म्हटलं की डॉक्टरच दिसतो, त्यात आपली चूक नाही, १८९४ पासून वॉनलेसचं हॉस्पिटल इथं आहे आणि तेव्हापासून कर्नाटकातून सुद्धा पेशंट इथं येतायत, प्रत्येक बोळात बोर्ड डॉक्टरचा. त्यामुळं मी परत आले तेव्हा शेजारच्या काकूंनी पहिला प्रश्न विचारला, मग आता इंजेक्शन देता येतं का गं तुला? नाही येत. मला येतं ते असं. बाहेरगावहून येणाऱ्या तज्ज्ञाच्या प्रवासाची मंजुरी वेळेत घ्यायची, त्याच्या दैनिक भत्त्याचा दर त्या महिन्याचा आणि त्या शहराचाच लावायचा कारण तो शहरागणिक वेगळा असतो आणि बदलतो, व्हिसाचं पत्र, खरेदीसाठी तीन कोटेशनं, मीटिंगचं इतिवृत्त दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या हातात. आणि हो, पाट्या. काकांनी पाट्यांची चेष्टा केलीय म्हणून सांगते. देशांच्या बैठकीत पाट्या इंग्रजी वर्णानुक्रमानं लागतात आणि नाव अधिकृतच लागतं, त्यामुळं उत्तर कोरियाची पाटी 'एन'मध्ये शोधत बसलात तर सापडणार नाही, ती 'डी'त असते, कारण त्यांच्या अधिकृत नावाची सुरुवात डेमोक्रॅटिकनं होते. पाटी चुकीच्या जागी लागली तर तो देश ते हसण्यावारी नेत नाही, बैठक सुरू व्हायच्या आधीच रुसवाफुगवी.

पण हे वरवरचं झालं. मला खरं कळलं ते एका थर्माकोलच्या पेटीमुळं. १५ वर्षांखालच्या कुठल्याही मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला तर ती केस कळवायची असते, मग ते पोलिओ असो नसो, आणि लुळेपणा सुरू झाल्यापासून १४ दिवसांच्या आत त्या मुलाच्या शौचाचे दोन नमुने घ्यायचे, दोन्हींत किमान २४ तासांचं अंतर, आणि ते २ ते ८ डिग्रीत ठेवून प्रयोगशाळेत पोचवायचे. हे सगळं डॉक्टर लोक आणि आरोग्यसेवक करतात. पण त्या पेटीवर चौकोनी, कोपऱ्यावर उभं केलेलं लेबल लागतं, त्यात यूएन ३३७३ असा आकडा, म्हणजे आत तपासणीचा नमुना आहे ही खूण, ड्राय आइस घातला तर त्याचं अजून वेगळं लेबल, सोबत कागद, पाठवणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, फोन. ह्यातला एखादा कागद नसला तर विमानाच्या कार्गोवाला पेटी आत घेत नाही, बरोबरच आहे त्याचं. पेटी तिथंच राहिली की आतला बर्फ काय कुणासाठी थांबत नाही. म्हणजे गावातल्या नर्सबाईंनी उन्हातून फिरून घेतलेला नमुना एका कागदापायी वाया. ते कागद बघणाऱ्याला तुम्ही कारकून म्हणा नाहीतर अजून काही.

तारखेचं पण तसंच. ०३/०४ म्हणजे आपल्याकडं ३ एप्रिल, अमेरिकेत शिकलेल्या माणसाला ४ मार्च, म्हणून महिना अक्षरात लिहायचा असं माझ्या टेबलाशेजारच्या ताईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मला वाटलं शिस्तीच्या आहेत. नंतर समजलं, पाय कधी लुळा पडला ती तारीख चुकली की नमुना उशिरा घेतला असं कागदावर दिसतं, आणि मग ६० दिवसांनी कुणाला तरी परत त्या मुलाच्या घरी जाऊन तो चालतो कसा हे बघावं लागतं. एक आकडा इकडचा तिकडं आणि एका माणसाची वारी.

आता नारू. आमच्या आजीला नारू म्हटलं तरी अंगावर शहारा यायचा, पायाच्या जखमेतून दोऱ्यासारखी अळी बाहेर यायची आणि ती काडीला गुंडाळून रोज थोडी थोडी ओढायची, तुटली तर अजून हाल. उतरायच्या विहिरीचं, म्हणजे पायविहिरीचं पाणी पिणाऱ्यांना व्हायचा. ह्याला लस नाही, औषध नाही. पाणी गाळून प्यायला लावलं, विहिरी बदलल्या, हातपंप घातले आणि नारू गेला. भारतातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात सापडला. पण जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचं मान्य केलं ते २००० साली. मधली वर्षं काय चाललं होतं? शोधणं चाललं होतं, कुठं अफवा आली की जाऊन बघायचं आणि नाही सापडला तर 'नाही सापडला' हे लिहून ठेवायचं. पोलिओचंही तेच, मूळ (वाइल्ड) विषाणूची शेवटची केस १३ जानेवारी २०११ ला हावड्याची आणि सर्टिफिकेट २७ मार्च २०१४ ला. तीन वर्षं देशभरातनं दवाखान्यादवाखान्यातून दर आठवड्याला अहवाल येत राहिले आणि त्यात लिहिलेलं असायचं काय तर निरंक, म्हणजे एकही केस नाही. निरंक, निरंक, निरंक. एखाद्या आठवड्याला अहवालच आला नाही तर तो निरंक धरत नाहीत, फोन करून मागवतात, कारण केस नाही आणि कागद नाही ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोग गेला हे डॉक्टरला माहिती असतं, जगाला पटवावं लागतं कागदानं. ते निरंक गोळा करणारी, न आलेल्यांना फोन लावणारी माणसं कुठल्या फोटोत नाहीत बघा.

काका म्हणतील हे दिल्लीचं झालं, आपल्याला काय. मग २०१९ चा पूर आठवा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. मी तेव्हा नुकती कॉलेजातून बाहेर पडलेली, मिरजेतल्या एका शाळेत छावणी होती तिथं मदतीला जायचे. मदतीला माणसं कमी नव्हतीच, उलट बिस्किटाचे पुडे इतके आले की पोरं त्याचे मनोरे करून खेळत होती. कमी काय होतं, तर म्हातारी माणसं नेसत्या कपड्यावर बाहेर काढलेली, त्यांच्या बीपीच्या शुगरच्या गोळ्या घरी पाण्यात, आणि विचारलं कुठली गोळी तर म्हणायचे पांढरी, बारकी, संध्याकाळची. डॉक्टर यायचे, बघायचे, जायचे, दुसऱ्या दिवशी दुसरे डॉक्टर, परत तेच प्रश्न पहिल्यापासून. मग एका निवृत्त ग्रामसेवकांनी लांबडी वही आणली, पट्टीनं रकाने मारले, नाव, वय, गाव, आजार कुठला, गोळी कुठली, कधीपासून चुकली, आज काय दिलं. ज्यांच्या पिशवीत रिकामं पाकीट होतं त्यांचं पाकीट त्याच पानाला टाचणीनं लावलं. दुसऱ्या दिवशीच्या डॉक्टरनी वही उघडली आणि निम्म्या वेळात निम्मी खोली संपवली. ग्रामसेवक काकांना कुणी शाल दिली नाही, बिस्किटवाल्यांचे मात्र पेपरात फोटो आले, तुमच्याच पेपरात, रागावू नका.

तक्रार करणारे म्हटलं होतं, ती करते. ह्या मोठ्या संस्थांत कागदाचा अतिरेकपण असतो. दोन दिवसांच्या दौऱ्याची मंजुरी चार-पाच टेबलं फिरते, एका ईमेलला सतरा जण सीसीत आणि उत्तर एकाचंही नाही, आणि ज्याची सही पाहिजे तो नेमका दौऱ्यावर. दुसरं म्हणजे व्हॉलंटियरनं कायमच्या माणसाची जागा भरायची नाही असं सगळेच तोंडानं म्हणतात, पण टेबलावरचं काम बघितलं तर ते वर्षानुवर्षं चालणारं काम असतं, व्हॉलंटियर बदलतात, काम तेच. आणि हे वाढणार. अमेरिकेनं जानेवारी २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेतनं बाहेर पडायचं जाहीर केलं, त्यानंतर संघटनेनं २०२६-२७ साठी आधी मांडलेलं बजेट २१ टक्क्यांनी खाली आणून ४.२ अब्ज डॉलर केलं. पैसे कमी झाले म्हणून काय लेबलं आणि निरंक अहवाल कमी होत नाहीत, मग ती कुणी करायची? कमी खर्चातल्या माणसांनी. काकांचा राग इथं असता तर मी त्यांच्या बाजूनं पत्र लिहिलं असतं.

आणि त्याहून मोठा राग घरच्याकडं बघून यायला पाहिजे. माझी आत्या जत तालुक्यात आशा आहे, म्हणजे गावात घरोघर फिरून आरोग्याचं काम करणारी. मी दिल्लीत असताना मला विमा, रजा, करार, सगळं लेखी, आणि आत्या माझ्याहून कितीतरी जास्त वर्षं हेच काम करते, वर पायपीट वेगळी. सरकारी कागदावर आशा ही कर्मचारी नाही, ती मानसेवी स्वयंसेविका, तिला कामाप्रमाणे मोबदला. गरोदर बायांची नोंद, कुणाच्या बाळाची कुठली लस कधी आहे त्याची ड्यू लिस्ट, घरोघरचा सर्व्हे, क्षयरोगाच्या पेशंटनं गोळी घेतली का, आणि आता तेच सगळं परत मोबाइलवर भरायचं, रेंज माळावर गेल्याशिवाय येत नाही. रात्री जेवणं झाल्यावर आत्या वही मांडीवर घेऊन बसते, आते-भाऊ मोबाइलमध्ये भरून देतो. मोबदला बाळंतीण दवाखान्यात नेल्याचा मिळतो, लस पाजून आणल्याचा मिळतो, रजिस्टर आणि याद्यांसाठी महिन्याची थोडी ठरावीक रक्कम असते, पण वही लिहिण्यात जी रात्र जाते तिच्या तासांचा हिशोब त्यात बसत नाही. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांचा सन्मान केला, जागतिक आरोग्य परिषदेत, फार मोठी गोष्ट, आत्यानं व्हॉट्सअॅपला स्टेटस ठेवलं होतं. आणि २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या आशा संपावर बसल्या तेव्हा आत्याही बसली. दोन्ही फोटो तिच्या मोबाइलमध्ये आहेत.

तर माझं म्हणणं एवढंच की दिल्लीत जे टेबलावरचं काम मोजलं जातं, करार करून, तास धरून, तेच इथं जतला, आटपाडीला, तिकडं साताऱ्यात पाटणला, माणला मोजा. मोबदल्याच्या यादीत वही आणि अॅप भरायला जे तास जातात त्यांचा हिशोब धरा. आणि दुसरं एक लगेच करता येण्यासारखं आहे, कॉलेजात एनएसएसच्या पोरांना वर्षाला १२० तास काम दाखवावं लागतं, त्यातले किती तास रस्ता झाडून फोटो काढण्यात जातात ते सगळ्यांना माहिती आहे, मीपण झाडलेत. त्यातल्या कॉमर्स, आर्ट्सच्या पोरांना प्राथमिक आरोग्य केंद्रात बसवा, साठ्याचं रजिस्टर, औषधांच्या एक्स्पायरीच्या तारखा, मीटिंगची टिपणं, प्रवास बिलं, ही कामं त्यांना द्या. पेशंटच्या नावाची कागदं मात्र त्यांच्या हातात देऊ नका, ती गुप्तच राहिली पाहिजेत, गाव लहान असतं आणि बातमी पारावर आधी पोचते. आणि पोरं आली म्हणून आशाताईंच्या मोबदल्याला कात्री लावाल तर त्या पोरांना तिथनंच परत पाठवलेलं बरं.

शेवटी कराडला, सांगलीला, विट्याला अभ्यासिकेत बसलेल्यांसाठी. एमपीएससी सोडा असं मी म्हणत नाहीये, माझा सख्खा भाऊ बसलाय त्या रांगेत. पण दोन परीक्षांच्या मधल्या काळात हा एक रस्ता आहे आणि तो डॉक्टर नसलेल्यांनाही उघडा आहे हे कॉलेजात कुणी सांगत नाही. लागतं काय, तर एक्सेल नीट यायला पाहिजे, म्हणजे नुसते रकाने रंगवणं नव्हे, फिल्टर लावून चुकलेली तारीख शोधता आली पाहिजे. इंग्रजीत चार ओळींचं ईमेल सरळ लिहिता आलं पाहिजे, फाडफाड बोलता नाही आलं तरी चालतं, माझं आजही येत नाही. आणि अर्जात 'मला देशसेवेची आवड आहे' असलं काही लिहू नका, कुठं काय काम केलं ते लिहा. गणपती मंडळाचा जमाखर्च ठेवला असेल आणि तो पावत्यांसकट जुळत असेल तर तेच लिहा. माझ्या मुलाखतीत सगळ्यात जास्त प्रश्न त्या पूर छावणीतल्या वहीवर आले, रकाने कुठले होते, पान भरल्यावर काय केलं, वही रात्री कुणाकडं असायची.

कळावे,
आपली एक वाचक, मिरज
(नाव छापू नये, आत्याला त्रास नको)

ता.क. युनोत लावतो म्हणून 'डिपॉझिट' किंवा 'प्रोसेसिंग फी' मागणारे एजंट आपल्या भागात फिरतायत, लोगो छापलेलं पत्रसुद्धा दाखवतात. युनोच्या कुठल्याही संस्थेत अर्जाला, मुलाखतीला, निवडीला, ट्रेनिंगला एक रुपया लागत नाही, कुठल्याच टप्प्यावर नाही. कुणी मागितला तर पैसे देऊ नका, पत्राचा फोटो काढून सायबरच्या १९३० नंबरला फोन लावा. आणि संपादक साहेब, तुमच्या नोकरीच्या पानावर असल्या जाहिराती पैसे घेऊन येतात त्यापण जरा तपासून घेत जा.